भंगार की ठेवा? जुन्या वीजसामानाची वही लिहिणारे हात

जुना वीजमीटर भंगारात आला की त्याचे पुढे काय होते, हे आमच्या वाचकांपैकी अनेकांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. झाकण फोडले जाते. तांब्याची कॉइल एका ढिगात, पितळेची टर्मिनले दुसऱ्या ढिगात, लोहचुंबक वेगळा, बिडाचा सांगाडा लोखंडात आणि बॅकेलाइटचे झाकण कचऱ्यात. पाच मिनिटांचे काम आणि भाव वजनाचा. यात गैर काहीच नाही. ही हलाल रोजी आहे आणि कुर्ल्यापासून मालेगावपर्यंत आपल्या कितीतरी घरांच्या चुली तिच्यावर पेटतात.

परंतु ह्याच मीटरला दुसऱ्या एका मुलखात निराळी वागणूक मिळते. इंग्लंडच्या दक्षिणेस वेस्ट ससेक्स परगण्यात, अ‍ॅरंडेल गावाजवळ अ‍ॅम्बर्ले येथे खडूच्या दगडाची एक जुनी खाण आहे. तेथील चुनाभट्ट्या बंद पडल्यावर त्या ३६ एकरांच्या जागेत १९७९ साली उद्योगधंद्यांचे एक संग्रहालय सुरू झाले. त्यात वीज उद्योगाच्या जुन्या सामानाचे स्वतंत्र दालन आहे. हा संग्रह आधी केंट परगण्यातील टनब्रिज गावी ‘मिल्न म्युझियम’ या नावाने होता आणि तो त्या भागाच्या वीज मंडळाच्या, म्हणजे ‘सीबोर्ड’च्या मालकीचा होता. घरातील इस्त्री-शेगडीपासून उपकेंद्रातील स्विचगिअरपर्यंत सगळे त्यात आले. अ‍ॅम्बर्लेचा बराचसा कारभार स्वयंसेवकांच्या जोरावर चालतो.

अशा संग्रहांकडे येणारे स्वयंसेवक कोण असतात? त्यांत इतिहासाच्या प्राध्यापकांपेक्षा वीज खात्यातून निवृत्त झालेले फिटर, जॉइंटर, मीटर दुरुस्त करणारे आणि उपकेंद्र सांभाळणारे लोक अधिक असतात. आयुष्यभर ज्या वस्तूंवर हात फिरवला त्यांचीच आता एकेक करून वही लिहायची. पगार नाही. या कामाकडे आमचे लक्ष गेले ते त्यात आपल्या कारागिरांच्या कामाचे पुष्कळ काही आहे म्हणून.

इतके निरनिराळे सामान आले कोठून?

ब्रिटनमध्ये वीज सरकारने आणली नाही. ती गावोगावच्या नगरपालिकांनी आणि लहानमोठ्या कंपन्यांनी आणली. १८८१ साली सरे परगण्यातील गोडाल्मिंग गावात पाणचक्कीवर जनित्र फिरवून रस्त्यावर दिवे लावले गेले. त्या देशातील सार्वजनिक वीजपुरवठ्याची सुरुवात तेथून धरतात. पुढच्याच वर्षी एडिसनच्या कंपनीने लंडनच्या होल्बर्न व्हायाडक्टवर वीजघर उघडले. त्यानंतर ज्याला जसे सुचले तसे त्याने केले. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस एकट्या लंडन परिसरात सुमारे ७० पुरवठादार होते. त्यांच्या विजेच्या १० वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी आणि वीसहून अधिक व्होल्टेज होती. बिऱ्हाड एका वस्तीतून दुसऱ्या वस्तीत नेले की जुने दिवे आणि मोटारी तेथे चालतीलच याचा भरवसा नसे. न्यूकॅसलच्या भागात ४० सायकलची वीज, तर बर्मिंगहॅममध्ये २५ सायकलची.

१९२६ च्या कायद्याने देशभर एक जाळे विणायचे ठरले आणि १९३३ पासून १,३२,००० व्होल्टच्या तारांचे ते जाळे चालू झाले. १ एप्रिल १९४८ रोजी पाचशेहून अधिक नगरपालिका व कंपन्यांचे वीज कारभार सरकारने ताब्यात घेतले आणि त्यांची मोजकी विभागीय मंडळे केली. एका दिवसात शेकडो नावे पुसली गेली. ती राहिली फक्त मीटरच्या पट्टीवर, फ्यूजपेटीच्या झाकणावर आणि रस्त्यातल्या लोखंडी पेट्यांवर.

पुढे १९९० साली ही मंडळे खासगी कंपन्या झाली. सीबोर्डचेच पाहा. १९९६ मध्ये ती एका अमेरिकन कंपनीने घेतली. २००२ मध्ये ती फ्रेंच मालकीच्या समूहाकडे गेली. २०१० मध्ये तिच्या तारांचा कारभार हाँगकाँगच्या समूहाने विकत घेतला. चौदा वर्षांत तीन मालक! मालक बदलला की पाटी बदलते, पाटी बदलली की गोदामे तपासली जातात, आणि गोदामातल्या ‘निरुपयोगी’ मालावर पहिली कुऱ्हाड पडते, हे व्यापाऱ्याला सांगायला नको. आपल्याकडेही २००५ साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन महावितरण, महापारेषण आणि महानिर्मिती अशा कंपन्या झाल्या.

इंग्लंडमध्येच डॉर्सेट परगण्यातील क्राइस्टचर्च येथे १९०३ सालच्या जुन्या वीजघरात विजेचे एक संग्रहालय होते. ते एका वीज कंपनीच्या मालकीचे होते आणि २०१२ मध्ये बंद झाले. अशा वेळी वहीची किंमत कळते. ज्या वस्तूची नोंद आहे, ती कोणी दिली याचा कागद आहे, ती दुसऱ्या संग्रहालयाला सन्मानाने देता येते. ज्या वस्तूचा कागद नाही ती कोणाची, देणगी की उसनी, हेच कोणी सांगू शकत नाही. मग नवे संग्रहालय ती घ्यायला कचरते आणि भंगाराची गाडी दारात येते. अमानतीच्या मालाचा हिशेब नसला की काय गोंधळ होतो, हे आपल्या बाजारातही आपण पाहतोच.

नग, क्रमांक आणि नाव

काम ऐकायला सोपे वाटते. एक वस्तू उचलायची, तिला क्रमांक द्यायचा आणि वहीत लिहायची. क्रमांकाची सर्वसाधारण पद्धत अशी की आधी वर्ष, मग त्या वर्षी आलेल्या मालाचा अनुक्रम, मग त्यातील नग. म्हणजे १९९८ साली पंचेचाळिसाव्या खेपेत आलेला तिसरा नग १९९८.४५.३ झाला. एकदा दिलेला क्रमांक दुसऱ्या वस्तूला कधीही द्यायचा नाही, वस्तू हरवली तरी नाही.

हा क्रमांक वस्तूवर टाकण्याचीही रीत आहे. आधी पारदर्शक लॅकरचा बारीक पट्टा, तो वाळला की त्यावर शाईने क्रमांक आणि वर पुन्हा लॅकर. उद्या काढायचा झाला तर अ‍ॅसिटोनने निघतो आणि मूळ रंगाला धक्का लागत नाही. कागदावर फक्त पेन्सिल चालते. नामपट्टीवर लिहायचे नाही, आणि जड वस्तूच्या तळाशीही नाही. एक मणाचा स्विच केवळ क्रमांक वाचण्यासाठी कोण उलटा करणार?

आपल्या कारागिराला आणखी एक गोष्ट जड जाईल. घासायचे नाही. आपला हात पितळ पाहिले की चिंच आणि राख शोधतो. परंतु मीटरच्या पितळी चौकटीवरील मूळ मुलामा, तपासनिसाचे शिशाचे सील, बारीक कोरलेले अंक हीच त्या वस्तूची साक्ष असते. चमक आली की साक्ष गेली. सील तोडून आत काय आहे ते पाहण्याचा मोहही आवरावा लागतो.

खरी डोकेफोड नावाची. एक जण ‘कटआउट’ लिहितो, दुसरा त्याच वस्तूला ‘फ्यूजपेटी’ म्हणतो, तिसरा कंपनीचे नाव लिहून मोकळा होतो. पाच वर्षांनी कोणी सगळे कटआउट शोधायला बसला तर निम्मे सापडत नाहीत. म्हणून ब्रिटनमधील संग्रहालयांनी १९८३ साली सामाजिक इतिहास आणि उद्योगांच्या वस्तूंसाठी एक वर्गवारी छापली, आणि १९९४ साली नोंदणीच्या कामाची एक सर्वमान्य पद्धत ‘स्पेक्ट्रम’ या नावाने प्रसिद्ध केली. ती सुधारून आजही वापरली जाते. मोठ्या सरकारी संग्रहालयापासून चार म्हाताऱ्यांनी चालवलेल्या खोलीपर्यंत सगळ्यांना तीच पद्धत लागू पडते.

नाव ठरले की नामपट्टी वाचायची. व्होल्ट, अ‍ॅम्पिअर, सायकल, अनुक्रमांक, कारखान्याचे नाव, सगळे जसेच्या तसे उतरवायचे. हे आकडे म्हणजे त्या वस्तूचा जन्मदाखलाच. मोटारीवर ४० सायकल लिहिले असेल तर ती बहुधा न्यूकॅसलच्या मुलखातली आणि जुनी, कारण १९३० च्या दशकात तो भाग ५० सायकलवर आणला गेला. नाणे टाकून चालणारा मीटर असेल तर नाण्याची फट पाहायची. ब्रिटनचे चलन १५ फेब्रुवारी १९७१ रोजी दशमान झाले, त्यामुळे जुनी पेनी घेणारा मीटर त्या आधीचा. पैसे आधी, वीज नंतर, ही कल्पना किती जुनी आहे पाहा. २०२४ साली महाराष्ट्रात प्रीपेड स्मार्ट मीटरवरून एवढा वाद झाला. इंग्लंडातल्या गरीब वस्तीने हा मीटर पिढ्यान्‌पिढ्या भिंतीवर पाहिलेला आहे.

मीटरांच्याच कपाटापुढे आमचे मन अधिक रेंगाळते. एडिसनचा पहिला मीटर म्हणजे एक बरणी होती. तिच्यात रासायनिक द्रावण आणि जस्ताच्या पट्ट्या. वीज वाहिली की एका पट्टीवरचे जस्त सुटून दुसरीवर बसे. महिन्याच्या शेवटी कंपनीचा माणूस पट्ट्या काढून नेई, त्यांचे वजन करी आणि वजनात पडलेल्या फरकावर बिल निघे. विजेचे बिल तराजूवर! ग्राहकाला ते तपासता येत नसे, ही तक्रार तेव्हाही होती. पुढे पाऱ्यात फिरणाऱ्या तबकडीचे मीटर आले, लंबकाच्या घड्याळाचे आले आणि मग आपल्या सर्वांच्या ओळखीची फिरती अ‍ॅल्युमिनियमची तबकडी आली.

काही नावे तर आपल्या घरचीच वाटतात. ‘क्रॉम्प्टन’ हे नाव आपल्या दुकानांतील पंख्यांवर आहे. हे क्रॉम्प्टन तरुणपणी इंग्रजी सैन्यात हिंदुस्थानात होते आणि येथे रस्त्यावर वाफेची वाहने चालविण्याचे प्रयोग त्यांनी केले. परत जाऊन १८७८ साली चेम्सफर्ड गावी त्यांनी आपला कारखाना काढला.

दहा हजार व्होल्ट आणि एक छिन्नी

वस्तू साधी दिसते, पण तिच्यामागची हकीकत माहीत नसली तर ती खरोखरच भंगार ठरते. याचे उत्तम उदाहरण म्हणजे फेरान्टीची केबल. हिचे तुकडे ब्रिटनच्या संग्रहालयांत जपलेले आहेत. पाहणाऱ्याला काय दिसेल? तांब्याच्या नळीत तांब्याची दुसरी नळी आणि दोहोंच्या मध्ये काळपट कागद. आपला कोणीही व्यापारी ती हातात घेऊन तांब्याचा भाव सांगेल.

सेबास्टियन फेरान्टी यांचा जन्म १८६४ सालचा, लिव्हरपूलचा. तेवीस वर्षांच्या वयात त्यांनी लंडनबाहेर डेप्टफर्ड येथे प्रचंड वीजघर बांधण्याची योजना केली. तेथून १०,००० व्होल्टने वीज शहरात न्यायची होती. तोवर एवढा दाब झेलणारी केबल कोणाकडे नव्हती. फेरान्टी यांनी ती स्वतः बनवली. सुमारे २० फुटांचे तुकडे, मध्ये मेणात भिजवलेला साधा तपकिरी कागद. लोक घाबरले. रस्ता खोदताना मजुराची पहार तिच्यावर पडली तर? अधिकाऱ्यांची खात्री पटावी म्हणून वीज चालू असलेल्या केबलवर छिन्नी ठेवून हातोड्याने ती आत ठोकण्यात आली. छिन्नी धरली होती फेरान्टी यांच्याच सहायकाने. त्याला काहीही झाले नाही, कारण बाहेरची नळी जमिनीला जोडलेली होती. ही केबल चाळीस वर्षांहून अधिक काळ कामात होती.

आता हा तुकडा वहीत ‘तांब्याची नळी, एक नग’ असा लिहिला गेला असता तर? म्हणूनच नोंद करणाऱ्याला वस्तू ओळखता यावी लागते. ती ओळखणारे लोक आता थकत चालले आहेत. ज्या कामगाराने तरुणपणी शिशाच्या आवरणाच्या केबलचा जोड हाताने पुसून घडवला, त्याचे वय आज सत्तरी-ऐंशीच्या घरात आहे. तो आज टेबलाशी बसला तर एका दृष्टिक्षेपात सांगेल की ही वस्तू काय आणि ती उलटी धरली आहे. दहा वर्षांनी तेच शोधायला जुनी कॅटलॉगे चाळत बसावे लागेल, आणि तरीही काही नगांपुढे प्रश्नचिन्हच राहील. या सगळ्या कामाची घाई आहे ती येथे. वस्तू थांबेल, माणूस थांबणार नाही.

त्यांचे संग्रहालय, आपली भिंत

एक गंमत सांगतो. ब्रिटनमध्ये १९३४ सालच्या मानकाप्रमाणे गोल पिनांचे प्लग असत, ५ अ‍ॅम्पिअरचा लहान आणि १५ अ‍ॅम्पिअरचा मोठा. १९४७ मध्ये तेथे चौकोनी पिनांचा नवा प्लग ठरला. लहान मुलांनी भोकात काही घालू नये म्हणून त्याच्या सॉकेटला आतून झडप ठेवली. वीज अभियंत्या कॅरोलाइन हॅस्लेट त्या समितीत होत्या. गोल पिनांचा प्लग तेथे हळूहळू घरातून नाहीसा होऊन संग्रहालयाच्या फळीवर गेला. आपल्या घरात, दुकानात, मशिदीत आज जो गोल तीन पिनांचा प्लग आहे तो त्याच जुन्या इंग्रजी प्लगचा वंशज आहे. लोहार चाळीतला विक्रेता ज्याला अजूनही ‘पाच-पंधरा’ म्हणतो, त्याची तेथे जपून नोंद होते!

याच कारणाने आपला कारागीर अशा कामात कोणाहून कमी नाही, असे आमचे मत आहे. लाकडी पट्टीवरची वायरिंग, चिनीमातीचे कटआउट, बॅकेलाइटचे स्विच, कापडी आवरणाची रबरी वायर हे सगळे हाताळलेले वायरमन अजून आपल्या मोहल्ल्यांत आहेत. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागांच्या मोटारी बांधणारे उस्ताद तर जळालेली कॉइल उकलता उकलता तारेचा गेज आणि वेढे सांगतात. शागीर्द ते ऐकतो, कधी वहीत उतरवतो, बहुधा उतरवत नाही. मुंबईत बेस्टने आणिक आगारात आपले संग्रहालय उभारले. १९०७ ते १९६४ या काळात धावलेल्या विजेच्या ट्रामची आठवण त्याने राखली. मात्र सरकारी संस्थेच्या दाराबाहेर, गाळ्या-गाळ्यांतून जे ज्ञान आहे त्याची वही कोणाकडे आहे?

आपल्याच परंपरेत याचे उदाहरण आहे. दियारबकरच्या दरबारात कारागीर म्हणून राहिलेले अल-जझरी यांनी १२०६ साली आपल्या यंत्रांचा ग्रंथ पुरा केला. पाण्याची घड्याळे, पंप, कुलपे यांची नुसती वर्णने त्यात नाहीत. भाग कसा ओतला, कशाला जोडला, कोठे चूक होते, हे चित्रांसह लिहिले. म्हणून १९७६ साली लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्यांचे एक जलघड्याळ पुन्हा उभे करता आले. सूरह बकरहच्या २८२ व्या आयतीत उधारीचा व्यवहार लहान असो वा मोठा, लिहून ठेवण्याचा हुकूम आहे, हे आपल्या प्रत्येक व्यापाऱ्याला ठाऊक आहे. लिहिण्याची सवय आपल्याला नवी नाही.

येथे एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे, कारण तो थेट आरोग्याचा प्रश्न आहे. जुन्या मालाची नोंद करणारे लोक तो कधीही विजेला जोडून पाहत नाहीत, आणि काही माल हातमोज्यांशिवाय उघडत नाहीत. पाऱ्याचे मीटर आणि काचेच्या मोठ्या फुग्याचे पारा-रेक्टिफायर फुटले तर विषारी वाफ निघते. जुन्या फ्यूजधारकांत, शेगड्यांत आणि इस्त्रीत अ‍ॅस्बेस्टॉस असते. त्याची बारीक धूळ छातीत बसते आणि रोग कित्येक वर्षांनी दिसतो. जुन्या ट्रान्सफॉर्मर व कपॅसिटरच्या काही तेलांत पीसीबी नावाचे घातक रसायन असते. त्याविरुद्ध केंद्र सरकारने २०१६ साली आदेश काढला. मीटर फोडणाऱ्या आपल्या पोरांच्या हातात आजही बहुधा फक्त हातोडा आणि पक्कड असते.

ज्यांचा धंदा जुन्या मालाचा आहे त्यांना हे काम करायला संग्रहालय लागत नाही. फोडण्यापूर्वी नामपट्टीचा एक फोटो मोबाइलवर घेता येतो. जुना, पूर्ण, सीलबंद नग बाजूला ठेवता येतो. असा नग वजनावर विकायचा नसतो, ज्याला हवा त्याला कागदासह विकायचा असतो, आणि ज्याच्याकडे तो कोठून आला याची नोंद आहे त्याचा शब्द बाजारात वरचढ ठरतो. साधी रेघांची वही पुरे: क्रमांक, नाव, कारखाना, पट्टीवरचे आकडे, लांबी-रुंदी, अवस्था, कोणाकडून आला, आणि शेवटी तो आता कोठे ठेवला आहे. बाकी सगळे शाईने लिहावे. शेवटचा रकाना मात्र ते लोक पेन्सिलीने लिहितात, कारण फळी बदलत राहते.